आवाज आहे आणि नाहीही : नव्या मोटारीची एक तक्रार

पहाटेचे पावणेसहा वाजलेले असतात. नगर जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी, बाजारपेठेतील जुन्या घरासमोर चार महिन्यांपूर्वी घेतलेली मोटार उभी असते. घरातील वृद्ध दादीजींना स्थानकात सोडून येण्याचे काम धाकट्या नातवाकडे असते. तो बटण दाबतो आणि बॉनेटखालून पत्र्याच्या डब्यात हरभरे हलवावेत तसा कोरडा खडखडाट होतो. तो दोन ते तीन सेकंद टिकतो आणि मग सारे शांत होते. पुढे दिवसभर ती मोटार नव्या मोटारीला शोभेल अशीच चालते.

हे घर भुसार मालाच्या अडतीचे. दसऱ्याच्या मुहूर्तावर घेतलेली ही मोटार घरातील पहिली कर्जाऊ वस्तू. ‘हप्त्यावर घेतलेल्या वस्तूचे सुख उधारीचे असते,’ असे म्हणणाऱ्या शेठजींनी मुलाच्या आग्रहापुढे मान तुकवली होती. त्यामुळे या तीन सेकंदांच्या आवाजाने घरात जो कलह माजला, तो केवळ यंत्राचा नव्हता. नातवाला आवाज ऐकू येई. शेठजी दुकानात जायला साडेदहाला निघत, तेव्हा तो नसे. ‘तुला नवी वस्तू पचत नाही,’ असे ते म्हणत. ‘तुम्हाला दोष मान्य करायचा नाही, कारण विकणारे आपल्या संघातले आहेत,’ असे मुलगा उत्तर देई. विक्री केंद्राचे व्यवस्थापक खरोखरच ओळखीचे होते. दोन्ही घरांत लग्नकार्यांचे जाणे-येणे होते. अखेर दादीजींनी, ‘माझ्यासाठी रोज गाडीला त्रास नको,’ असे म्हणून पायी स्थानकात जाण्यास प्रारंभ केला आणि मग मात्र घरातील सर्वांनाच हा प्रश्न सोडवणे भाग पडले.

तीन फेऱ्या आणि तीन उत्तरे

अधिकृत सेवा केंद्र नगर शहरात, पाऊण तासाच्या अंतरावर. पहिल्या फेरीत तेथील सेवा सल्लागाराने मोटार सुरू करून पाहिली, शेजारी बसून एक चक्कर मारली आणि ‘आवाज नाही’ असा निर्वाळा दिला. जॉब कार्डावर ‘सर्वसाधारण तपासणी’ असे दोनच शब्द लिहिले गेले. मुलाने न वाचताच स्वाक्षरी केली.

दुसऱ्या फेरीत एका कारागिराला खरोखरच एक आवाज सापडला. इंजिनाची गती मिनिटाला दोन हजार फेऱ्यांच्या आसपास नेली की मोटारीखालून पत्रा थरथरल्यासारखी गुणगुण येत होती. सायलेन्सरच्या नळीवरील उष्णतारोधक पत्र्याची, म्हणजे हीट शील्डची, एक पट्टी ढिली झाली होती. ती आवळली आणि गुणगुण थांबली. घरच्यांनी सुटकेचा श्वास घेतला. दुसऱ्या दिवशी पहाटे हरभऱ्यांचा डबा पुन्हा वाजला.

तिसऱ्या फेरीत उत्तर मिळाले, ‘नव्या गाडीत थोडाफार आवाज असतोच. चालवत राहा, जाईल.’ या वेळी मुलाचा तोल सुटला. काउंटरवर चार लोकांदेखत त्याने त्या तरुण सल्लागाराला नको ते शब्द ऐकवले. तो सल्लागार खोटे बोलत नव्हता. त्याच्यासमोर मोटार आली तेव्हा ती पाऊण तास धावून तापलेली होती आणि तापलेल्या मोटारीत तो आवाज नव्हताच. मुलगाही खोटे बोलत नव्हता. दोघे एकाच वस्तूविषयी, परंतु दोन निरनिराळ्या अवस्थांविषयी बोलत होते.

द्रव्य, क्षेत्र, काल, भाव

वाट दाखवली ती पेढीवरील वृद्ध मुनीमजींनी. त्यांना इंजिनातले काही कळत नव्हते. त्यांनी एवढेच विचारले, ‘शेठजी, नोंद कुठे आहे?’ ज्या व्यवहाराची कीर्दीत नोंद नाही, तो व्यवहार झाला असे पेढी मानत नाही. मग ज्या आवाजाची नोंद नाही, तो आवाज सेवा केंद्राने का मानावा?

नोंद कशी करावी, हे शेठजींना सुचले. कोणतीही वस्तू ‘आहे’ असे म्हणताना ती स्वतःच्या द्रव्य, क्षेत्र, काल आणि भाव यांच्या अपेक्षेने आहे, असे आपले शास्त्र सांगते. दुसऱ्या अपेक्षेने तीच ‘नाही’. व्याख्यानात ऐकलेले हे चार शब्द त्यांनी दुकानातील एका कोऱ्या वहीत चार रकाने म्हणून मांडले. द्रव्य म्हणजे आवाजाची जात : खडखड, टकटक, शिट्टी की गुणगुण. क्षेत्र म्हणजे तो कोठून येतो : बॉनेटखालून, मोटारीच्या पोटाखालून की चाकाकडून. काल म्हणजे घड्याळातील वेळ, मोटार त्याआधी किती तास उभी होती आणि आवाज किती सेकंद टिकला. भाव म्हणजे त्या क्षणीची स्थिती : इंजिन थंड की तापलेले, मोटार उभी की धावती, चढ की सपाट रस्ता, वातानुकूलन चालू की बंद, टाकीत इंधन किती.

एकवीस दिवस ही वही भरली गेली. नातवाने भ्रमणध्वनीवर चित्रफिती घेतल्या. त्यात फेऱ्यांचा काटा आणि घड्याळ दोन्ही दिसतील याची काळजी घेतली, कारण नुसत्या आवाजाच्या फितीवरून तो केव्हाचा आणि कोणत्या गतीचा, हे कोणालाच सांगता येत नाही. महिनाअखेरीस वही उघडली, तेव्हा ताळेबंद आपोआप जुळला. मोटार रात्रभर उभी राहिली की पहाटे आवाज निश्चित. दुपारी दुकानासमोर तीन तास उभी राहिली तर आवाज नाही. शनिवारी रात्री लावून सोमवारी पहाटे काढली, तर आवाज नेहमीपेक्षा दीर्घ. थंडी कमी-अधिक झाल्याने विशेष फरक नाही. वातानुकूलनाचा संबंध नाही. इंधनाचा संबंध नाही.

इतके समजल्यावर तर्काला दिशा मिळाली. उभ्या राहण्याच्या काळाबरोबर वाढणारा आणि सुरू होताच काही क्षणांत नाहीसा होणारा आवाज बहुधा वंगणाच्या तेलाशी निगडित असतो. इंजिन बंद झाले की वरच्या भागातील तेल हळूहळू तळाच्या टाकीत उतरते. पुन्हा सुरू केल्यावर पंप ते वर चढवीपर्यंत काही क्षण जातात. तेवढ्या वेळात तेलाच्या दाबावर चालणारा एखादा भाग ढिला असेल, तर तो वाजतो.

आवाजांची ओळख

प्रत्येक आवाज म्हणजे बिघाड नव्हे, हे येथे ध्यानात घेतले पाहिजे. आजच्या पुष्कळ पेट्रोल इंजिनांत इंधन मोठ्या दाबाने थेट सिलिंडरमध्ये फवारले जाते. त्या फवारणीची सूक्ष्म, शिवणयंत्रासारखी टिकटिक स्वाभाविक असते. टाकीतील पेट्रोलची वाफ इंजिनाकडे सोडणारी एक छोटी झडपही मधूनमधून टकटक करते. नव्या डिझेल मोटारीत धुरातील काजळी अडवणारी गाळणी असते. ती साठलेली काजळी जाळू लागली की इंजिनाची उभ्या जागची गती वाढते, पंखा मोठ्याने फिरतो आणि आवाज बदलतो. घर ते दुकान एवढेच रोज फिरणाऱ्या मोटारीत ही क्रिया वारंवार अर्धवट राहते आणि मालकाला व्यर्थ चिंता वाटते. तिला अधूनमधून हमरस्त्यावर थोडी लांब फेरी हवी असते.

दोष दाखवणारे आवाजही आपापली खूण घेऊन येतात. दमट पहाटे सुरू होताच किंचाळणारा आवाज बहुधा पट्ट्याचा असतो. थंड असताना ठकठक करणारा आणि तापल्यावर थांबणारा आवाज कधी धुराच्या नळीच्या जोडातील बारीक गळतीचा असतो. धातू तापून प्रसरण पावला की फट बुजते. वरच्या गिअरमध्ये, कमी गतीत, भरल्या मोटारीने चढ चढताना गोट्या आपटल्यासारखा आवाज आला, तर इंधन सिलिंडरमध्ये अवेळी पेट घेत असण्याचा संभव असतो. अखंड घरघर कप्पीच्या वा आल्टरनेटरच्या बेअरिंगकडे बोट दाखवते.

आवाज इंजिनाचा आहे की चाकांचा, हे ओळखण्याची रीत सोपी आहे. मोटार मोकळ्या जागी उभी करून, न्यूट्रलमध्ये, इंजिनाची गती हळूहळू वाढवावी. आवाज गतीबरोबर वाढला तर तो इंजिनाचा वा त्याला जोडलेल्या भागांचा. उभ्या मोटारीत तो येतच नसेल आणि धावताना वेगाबरोबर वाढत असेल, तर शोध चाके, टायर आणि त्यांची बेअरिंगे यांच्यात घ्यावा. जाणकार कारागीर आवाजाचे ठोकेही मोजतो. चार स्ट्रोकच्या इंजिनात क्रँकशाफ्टच्या दोन फेऱ्यांत कॅमशाफ्टची एक फेरी होते. म्हणून इंजिनाच्या निम्म्या लयीत पडणारा ठोका वरच्या झडपांकडे, तर पूर्ण लयीत पडणारा ठोका खालच्या फिरत्या भागांकडे संशय नेतो.

मात्र ऐकण्याचे काम कानांनीच करावे, हातांनी नव्हे. बॉनेट उघडे आणि इंजिन चालू असताना उपरणे, पदर, शाल यांतले काहीही पट्ट्याजवळ वा पंख्याजवळ जाऊ देऊ नये. पंखा काही मोटारींत इंजिन बंद असतानाही अचानक फिरू लागतो.

एक रात्र मुक्काम

चौथ्या फेरीला शेठजी स्वतः गेले. त्यांनी काउंटरवर आवाज चढवला नाही, वही उघडून ठेवली. तीच वही तो तरुण सल्लागार आत फोरमनकडे घेऊन गेला. पांढरे केस झालेल्या फोरमनने पाने चाळली, चित्रफीत दोनदा पाहिली आणि म्हणाला, ‘शेठ, ही गाडी दिवसा दाखवून उपयोग नाही. एक रात्र इथंच मुक्कामाला राहू द्या. सकाळी मी यायच्या आधी कोणी चावीला हात लावायचा नाही.’

दुसऱ्या दिवशी सकाळी तो लवकर आला. कारागिराला त्याने बटणापाशी बसवले आणि स्वतः यांत्रिक स्टेथोस्कोप इंजिनाच्या एका टोकाच्या झाकणावर टेकवून उभा राहिला. मोटार सुरू झाली आणि हरभरे वाजले. पंधरा मिनिटांनी बंद करून पुन्हा सुरू केली, तेव्हा शांतता होती. त्याला हवे ते मिळाले होते.

त्या झाकणाआड टायमिंग चेन असते. क्रँकशाफ्टची गती कॅमशाफ्टपर्यंत नेणारी आणि झडपांची उघडझाप पिस्टनच्या चालीशी जुळवून ठेवणारी ही साखळी. ती सैल पडू नये म्हणून तिच्यावर एक टेन्शनर दाब ठेवतो. त्याच्या पोटात स्प्रिंग आणि वंगणाचे तेल असते. मोटार बंद असतानाही ते तेल आत राहावे यासाठी बारीक झडप असते. ती झडप नीट बसत नसेल, तर रात्रीतून तेल निसटते आणि सकाळी दाब तयार होईपर्यंत सैल साखळी झाकणाच्या आतल्या बाजूला व तिच्या मार्गदर्शक पट्ट्यांना आपटते. टेन्शनर काढला, तेव्हा हीच गोष्ट निघाली. हमीखाली नवा बसवला गेला. दुसऱ्या रात्रीही मोटार तेथेच ठेवण्यात आली आणि पहाटे सुरू केल्यावर आवाज नाही, याची नोंद जॉब कार्डावर करूनच ती परत देण्यात आली.

भाग लहान, परंतु उपेक्षा महाग पडली असती. रोज आपटणाऱ्या साखळीने पट्ट्या झिजतात. साखळीने दाते चुकवले तर झडपांची वेळ चुकते आणि ज्या इंजिनांत झडपा व पिस्टन यांना एकच जागा आळीपाळीने वापरावी लागते, तेथे ते एकमेकांवर आदळून इंजिन उघडण्याची पाळी येते. हे हमी संपल्यावर घडले असते, तर सारा भार मालकावर पडला असता. ‘चालवत राहा, जाईल,’ या सल्ल्यातील धोका हाच होता.

दुसऱ्या फेरीतील कारागीरही चुकला नव्हता. त्याने पकडलेली गुणगुण खरी होती. मोटारीत आवाज दोन होते आणि एक सापडल्यामुळे दुसऱ्याचा शोध थांबला होता. एका अंशाचे सत्य हाती आले की तेच पूर्ण सत्य आहे असे मानण्याची चूक यंत्रशाळेतही होते.

कागद सांभाळा

या प्रकरणातून व्यापारी कुटुंबांनी घ्यावयाचे काही व्यवहारी धडे आहेत.

पहिला धडा जॉब कार्डाचा. त्यावर ग्राहकाची तक्रार ग्राहकाच्याच शब्दांत लिहून घ्यावी. ‘सर्वसाधारण तपासणी’ हे तक्रारीचे वर्णन नव्हे. ‘आठ तास उभी राहिल्यावर पहिल्यांदा सुरू करताना तीन सेकंद खडखडाट’ हे वर्णन आहे. तारीख, किलोमीटर आणि केंद्राचा निष्कर्ष लिहिलेला असल्याशिवाय स्वाक्षरी करू नये, आणि प्रत घरी जपावी. दोष सापडला नाही तरी ‘सापडला नाही’ अशी नोंद असू द्यावी. हमीच्या मुदतीत केलेली नोंद पुढे आधार ठरते, तोंडी तक्रार ठरत नाही.

दुसरा धडा धीराचा. हमी चालू असताना बाहेरच्या गॅरेजमध्ये इंजिन उघडू नये. बाहेरून गॅसचे किट वा जादा दिवे-हॉर्नसाठी तारा जोडण्यापूर्वी हमीची पुस्तिका वाचावी. अशा बदलांवरून हमी नाकारली गेल्याचे वाद होतात. केंद्रात दाद लागत नसेल तर उत्पादक कंपनीच्या क्षेत्रीय सेवा अधिकाऱ्याला लेखी कळवावे आणि या तक्रारीसंबंधी कंपनीचे काही तांत्रिक परिपत्रक आहे काय, हे आवर्जून विचारावे.

तिसरा धडा कर्जाचा. रागाच्या भरात हप्ता थांबवू नये. मोटारीतील दोष हा ग्राहक व विक्रेता यांच्यातील विषय आहे. कर्ज हा बँकेशी केलेला स्वतंत्र करार आहे. हप्ता चुकला तर मोटार दुरुस्त होत नाही, पत मात्र बिघडते, आणि व्यापाऱ्याला पुढे रोकड कर्ज मागताना तो डाग आड येतो.

चौथा धडा कायद्याचा. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ हा जुलै २०२० पासून अंमलात आहे. त्यानुसार तक्रार, तिचे कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत करावी लागते, आणि ती ग्राहक जेथे राहतो त्या जिल्ह्यातही करता येते. मोबदला पन्नास लाख रुपयांपर्यंत असेल तर जिल्हा आयोगाकडे जावे. पाच लाखांपर्यंत शुल्क नाही. पाच ते दहा लाखांसाठी २०० रुपये आणि दहा ते वीस लाखांसाठी ४०० रुपये शुल्क आहे. त्याआधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद केली, तर पुष्कळदा सामोपचाराने मार्ग निघू शकतो. तपासणीवाचून दोष ठरवता येत नसेल, तर आयोग वस्तू योग्य प्रयोगशाळेकडे पाठवू शकतो.

आपल्या समाजात मोटार घसाऱ्याच्या लाभासाठी पेढीच्या वा कंपनीच्या नावे घेण्याची रीत आहे. व्यापारी हेतूने घेतलेल्या वस्तूचा खरेदीदार या कायद्याने ‘ग्राहक’ ठरत नाही, म्हणून विरुद्ध पक्ष हा आक्षेप घेतो. तथापि केवळ नाव कंपनीचे असल्याने हेतू व्यापारी ठरत नाही. कंपनीने संचालकाच्या वापरासाठी घेतलेल्या मोटारींच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२४ मध्ये खरेदीदार कंपनीच्या बाजूने निकाल दिला आहे. तरीही मोटार प्रत्यक्षात कोण व कशासाठी वापरतो, याचा पुरावा आपल्याजवळ असणे हिताचे.

नोंदवहीचे शेवटचे पान

मोटार घरी आली त्या संध्याकाळी शेठजींनी मुलाला विचारले, ‘त्या मुलाला काय काय बोललास तिथे?’ मुलाने मान खाली घातली. वर्षाची क्षमापना संवत्सरीला होते, परंतु दुखावलेल्या माणसाला भाद्रपदापर्यंत थांबवण्याचे कारण नाही, एवढेच शेठजी म्हणाले. पुढच्या सेवेच्या वेळी मुलगा काउंटरवर गेला आणि चार लोकांदेखत बोललेले शब्द चार लोकांदेखतच परत घेऊन त्याने हात जोडले. तो सल्लागार क्षणभर गोंधळला. मग म्हणाला, ‘पहिल्याच दिवशी मीही नीट लिहून घ्यायला हवं होतं.’ त्यानंतर त्याने नवे जॉब कार्ड काढले आणि लिहिण्यापूर्वी विचारले, ‘सांगा, काय काय लिहू?’

ती वही अजून मोटारीच्या कप्प्यात आहे. तिच्यातील शेवटची नोंद शेठजींच्या हातची आहे : पहाटे पावणेसहा, रात्रभर उभी, इंजिन थंड, आवाज नाही. आई स्थानकात, मोटारीने.